शौचातून रक्त पडलं की मूळव्याधच, हे कुणी ठरवलं?

शौचाला गेल्यावर रक्त दिसलं की आपल्याकडे निदान घरातच होतं. "मूळव्याध झालीय, तिखट बंद कर." मग ताक, इसबगोल, कुणीतरी सांगितलेला काढा. तेवढ्यानं थांबलं नाही तर एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर रंगवलेला नंबर: 'मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन, खात्रीशीर इलाज.'

हे घरगुती निदान बऱ्याचदा बरोबरही निघतं. शौचावाटे रक्त पडण्याची सर्वात नेहमीची कारणं मूळव्याध आणि फिशर हीच आहेत. घोटाळा होतो तो इथेच. नेहमीचं कारण मनात इतकं घट्ट बसतं की ज्याचं रक्त वेगळ्याच ठिकाणाहून येतंय, तोही महिनोन् महिने मूळव्याधीचंच मलम लावत बसतो.

असं एक वेगळं कारण म्हणजे आतड्याचा टीबी. यात रक्तस्राव होणं दुर्मिळ आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे हा लेख वाचून कुणी घाबरून जाणार नाही. पण जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. परदेशात जे कारण यादीत तळाला असतं, ते आपल्याकडे तळाला ठेवून चालत नाही. माझं मत सरळ आहे: रक्त कुठून येतंय हे अंदाजानं ठरवू नये, मूळव्याधीच्या बाबतीत नाही आणि टीबीच्या बाबतीतही नाही.

टीबी आतड्यात पोहोचतो कसा?

टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो. पण नखं आणि केस सोडले तर हा रोग शरीरात जवळपास कुठेही होऊ शकतो. अमिताभ बच्चन यांना २००० साली मणक्याचा टीबी झाला होता. हे त्यांनी पुढे स्वतः जाहीरपणे सांगितलं, आणि पूर्ण औषध घेऊन ते बरे झाले.

आतड्यात जंतू तीन वाटांनी जातात. फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस थुंकी गिळतो तेव्हा जंतू पोटात उतरतात. दुसरी वाट रक्ताची: शरीरात दुसरीकडे दडलेले जंतू रक्तातून आतड्यापर्यंत येतात. तिसरी वाट न उकळलेल्या दुधाची. गाई-म्हशींमध्येही टीबी असतो आणि त्याचे जंतू दुधातून येऊ शकतात. मावळात आजही घरोघरी जनावरं आहेत आणि धारोष्ण दूध ताकदीचं, असा समज आहे. दूध उकळूनच प्या. उकळल्यानं त्याची ताकद जात नाही.

जंतूंची आवडती जागा म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला खाली, जिथे लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तो सांधा. अ‍ॅपेंडिक्स त्याच्या शेजारीच असतं. तिथे अन्न बराच वेळ रेंगाळतं आणि रोगप्रतिकारक पेशींच्या गाठी तिथेच जास्त असतात. टीबीचे जंतू नेमके त्या गाठींमध्ये घर करतात.

ही जागा लक्षात ठेवा. पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

एरवी रक्त का पडत नाही, आणि कधी पडतं?

आतड्याच्या आतल्या अस्तराला टीबीमुळे जखमा होतात. जखम म्हटली की रक्त यायला हवं. तरीही बहुतेक रुग्णांना डोळ्यांना दिसेल असं रक्त पडत नाही, याचं कारण या रोगाच्या स्वभावात आहे. टीबीची जखम महिनोन् महिने हळूहळू वाढते. तेवढ्या काळात जखमेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजून जाड होतात आणि आतली पोकळी बंद होत जाते. जखम तिथपर्यंत पोहोचते तेव्हा नळ आधीच बंद झालेला असतो. म्हणून आतड्याच्या टीबीत आतडं अरुंद होऊन अडथळा येणं नेहमीचं, आणि रक्तस्राव क्वचित.

पण प्रत्येक वेळी नळ वेळेत बंद होतोच असं नाही. एखादी जखम खोल जाते आणि चालू रक्तवाहिनीलाच भोक पडतं. मग रक्त थोडं थोडं झिरपतं किंवा एकदम मोठ्या प्रमाणात येतं. मोठ्या आतड्यात जखमा असतील तर रक्त दिसण्याची शक्यता थोडी वाढते. रक्त पातळ करणारी औषधं किंवा गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या चालू असतील, तर आधीच असलेली जखम जास्त वाहू शकते.

रक्ताचा रंग काय सांगतो?

किळस बाजूला ठेवून एकदा नीट पाहा. डॉक्टरांना या माहितीचा फार उपयोग होतो.

• शौच झाल्यावर वरून टपटप पडणारं, लालभडक, न दुखणारं रक्त: बहुधा मूळव्याध.
• शौचाच्या वेळी चिरल्यासारखी आग आणि थोडं लाल रक्त: बहुधा फिशर.
• शौचात मिसळलेलं, गडद लाल किंवा विटकरी रक्त, कधी गाठींसह: रक्त वरून, आतड्यातून येत असावं.
• डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी: बहुधा जठर किंवा लहान आतड्याच्या वरच्या भागातून रक्तस्राव.
• रक्त आणि शेंबूड, पोटात कळ, वारंवार जावंसं वाटणं: आव किंवा आतड्याची सूज.

दोन गोष्टींनी फसू नका. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शी काळी होते, आणि बीट खाल्लं तर लालसर दिसू शकते. काही खाल्लं नसताना किंवा गोळ्या चालू नसताना रंग बदलला तर त्याची दखल घ्या.

वर 'बहुधा' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. रंगावरून फक्त दिशा कळते.

"मूळव्याध दिसली" म्हणजे प्रश्न सुटला का?

दवाखान्यात छोट्या नळीनं गुदद्वाराची तपासणी होते तेव्हा आत चार बोटं अंतर दिसतं. मोठं आतडं मात्र साधारण पाच फूट लांब आहे, आणि टीबीची आवडती जागा त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. मूळव्याधीचे मोड तर कितीतरी लोकांना असतात. मोड दिसले याचा अर्थ मोड आहेत एवढाच. रक्त तिथूनच येतंय हे त्यावरून सिद्ध होत नाही.

समजा, पस्तिशीतला एक माणूस आहे. तळेगावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे आणि अधूनमधून त्याला रक्त पडतं. त्याला तपासलं, मोड दिसले, औषध दिलं. पण दोन महिन्यांपासून संध्याकाळी बारीक ताप येतो, पँट कमरेत सैल झाली आहे आणि जेवल्यावर पोटात गोळा फिरतो, हे त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मूळव्याधीनं ताप येत नाही. मूळव्याधीनं वजन उतरत नाही. रक्तासोबत पुढीलपैकी काहीही असेल तर मूळव्याधीवर थांबू नका:

• दोन आठवड्यांहून जास्त बारीक ताप, रात्री घाम
• कारण नसताना वजन कमी होणं, भूक मरणं
• पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखणं किंवा हाताला गाठ लागणं
• जेवणानंतर पोट फुगणं, गुडगुडणं, गोळा उठून पुन्हा विरणं
• कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, असं आलटून पालटून
• घरात किंवा कामाच्या ठिकाणी कुणाला टीबी असणं, किंवा स्वतःला पूर्वी झालेला असणं
• मधुमेह, एचआयव्ही, किंवा बराच काळ स्टिरॉइड चालू असणं

वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर यांतलं एकही लक्षण नसलं तरी तपासणी करून घ्या, कारण त्या वयात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शंका आधी दूर करावी लागते.

"रक्त कमी आहे" हे निदान नव्हे

इथे बायकांबद्दल वेगळं लिहायला हवं. पुरुष निदान लाजत का होईना सांगतो. बाई सांगतच नाही. पाळीमुळे असेल, अशक्तपणा असेल, बाळंतपणानंतरचं असेल, असं तीही म्हणते आणि घरातलेही म्हणतात. हिमोग्लोबिन कमी आलं की लोहाच्या गोळ्या, नाहीतर 'ताकदीचं सलाईन'. चार महिन्यांनी पुन्हा तेच.

आतड्यातून रोज थोडं थोडं झिरपणारं रक्त शौचात डोळ्यांना दिसत नाही, पण शरीरातलं लोह रिकामं करत राहतं. म्हणून पुरुषात, किंवा पाळी गेलेल्या बाईत, लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी झालं असेल तर ते कुठे जातंय हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पाळी चालू असलेल्या बाईतही गोळ्या नीट घेऊन रक्त वाढत नसेल, किंवा सोबत ताप आणि वजन घटणं असेल, तर तोच प्रश्न विचारा. गळक्या टाकीत पाणी भरत राहण्याआधी गळती शोधावी लागते.

तपासणी: नमुना हवा

आतड्याच्या टीबीची शंका आली की सर्वात महत्त्वाची तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून पाहणं. आदल्या दिवशी हलकं खाणं, मग पोट साफ करणारं औषध, आणि तपासणीच्या वेळी बहुतेक ठिकाणी गुंगीचं इंजेक्शन. सोबत घरातलं कुणीतरी न्या. पोट साफ करण्याचा त्रास हाच बहुतेकांना तपासणीपेक्षा जास्त वाटतो.

डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा. पहिला: दुर्बीण लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत गेली का? अर्ध्यावरून परतली तर टीबीची मुख्य जागा पाहायची राहूनच जाते. दुसरा: तुकडे तपासायला पाठवले का? नुसतं डोळ्यांनी पाहून टीबी, कॅन्सर आणि क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार यांत गल्लत होऊ शकते. काढलेल्या तुकड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते. शिवाय सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रांवर जंतूंचा शोध घेता येतो आणि कल्चरही लावता येतं. सीबीनॅटमधून जंतू रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देणारा आहे की नाही, हेही समजतं.

एक अडचण मात्र आहे. आतड्याच्या टीबीत जंतू संख्येनं कमी असतात, त्यामुळे अहवाल निगेटिव्ह आला तरी टीबी नाहीच असं म्हणता येत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला तरीही नाही, कारण आतड्याचा टीबी असलेल्या बऱ्याच रुग्णांची फुफ्फुसं ठीक असतात. अशा वेळी सीटी स्कॅन, तुकड्यांचा अहवाल आणि लक्षणं एकत्र मांडून डॉक्टर निर्णय घेतात.

उलटी चूक: सगळंच टीबी

आतापर्यंत टीबी सुटून जाण्याबद्दल लिहिलं. पण आपल्याकडे याच्या बरोबर उलटंही घडतं. पोटाचं निदान होत नाही, सोनोग्राफीत दोन गाठी दिसतात आणि "टीबीचा कोर्स सुरू करून बघू" असं ठरतं.

गणितज्ञ रामानुजन यांचं उदाहरण इथे आठवतं. १९१७ साली ते इंग्लंडमध्ये आजारी पडले. त्यांना टीबी आहे असं धरून आरोग्यधामांमध्ये ठेवलं गेलं. १९२० साली, वयाच्या ३२ व्या वर्षी ते मद्रासला वारले. पुढे १९९४ साली डॉ. यंग यांनी त्यांच्या आजाराच्या नोंदी तपासल्या आणि तो टीबी नसून यकृतातला अमिबाचा संसर्ग असावा, असा निष्कर्ष मांडला. तसं असेल तर त्या काळीही त्यावर उपचार होते. शंभर वर्षांपूर्वी नमुना तपासण्याची आजच्यासारखी साधनं नव्हती. आज ती आहेत.

टीबीची औषधं यकृताला जड जाऊ शकतात, त्यामुळे ती अंदाजानं सुरू करू नयेत. क्रोन्सला टीबी समजलं तर उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात. टीबीला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर टीबी शरीरभर पसरू शकतो. तपासण्या करूनही निर्णय होत नसेल तेव्हा तज्ज्ञ डॉक्टर विचारपूर्वक टीबीची औषधं सुरू करतात. पण मग साधारण दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का, हे पाहायचं असतं. 'कोर्स देऊन बघू' यातलं 'बघू' खरंच व्हायला हवं.

आणखी एक. रक्तातल्या अँटीबॉडी पाहून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर भारत सरकारनं २०१२ सालीच बंदी घातली आहे, कारण त्यांचे निकाल भरवशाचे नव्हते. अशी चाचणी कुणी सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा.

उपचार: सहा महिने, घरीच

आपल्या भागात हवेवर फार विश्वास. मुंबईची माणसं हवापालटाला लोणावळा-खंडाळ्याला येत. पाचगणी आणि मिरजेला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामं होती. औषधं नव्हती तेव्हा चांगली हवा आणि विश्रांती एवढंच हातात होतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मद्रासला झालेल्या अभ्यासानं मात्र दाखवून दिलं की नीट औषधं घेतली तर घरी राहून उपचार घेणारा रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. आज कुणाला गाव सोडायची गरज नाही.

औषधांना दाद देणाऱ्या आतड्याच्या टीबीसाठी साधारण सहा महिने उपचार असतो. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात आणि वजनानुसार रोज घ्यायची असतात. खाजगी डॉक्टरांकडे उपचार घेत असाल तरी तुमची नोंद निक्षयवर करून घ्या. नोंदणी झाली की निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. त्या पैशांत अंडी, डाळी, शेंगदाणे घ्या. टॉनिकच्या बाटल्या नकोत.

लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका, ते औषधाचा रंग आहे. पण डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बहुतेकांना महिन्याभरात बरं वाटू लागतं, आणि नेमकं तेव्हाच औषध सुटतं. औषध मध्येच सोडलं तर उरलेले जंतू चिवट होतात. रक्तस्रावही बहुधा औषधांनीच थांबतो. फार मोठा असेल तर रक्तवाहिनी बंद करण्याचा उपाय किंवा शस्त्रक्रिया लागते. जखम भरताना आतडं आकसू शकतं, म्हणून उपचार चालू असताना पोट फुगून उलट्या झाल्या आणि वारा सरेनासा झाला तर थांबू नका.

घरातल्यांसाठी: फुफ्फुसाला टीबी नसेल तर नुसता आतड्याचा टीबी सोबत बसल्यानं किंवा जेवल्यानं पसरत नाही. वेगळं ताट, वेगळी खोली, सुनेला माहेरी पाठवणं, यातलं काहीही करायचं कारण नाही. फुफ्फुसात टीबी आहे का, एवढं मात्र तपासून घ्या.

मावळातल्या वाचकांसाठी

आपल्याकडे आजाराला मुहूर्त असतो. "भातलावणी होऊ दे, मग दाखवू." पावसाळ्यात आव आणि जुलाबही खूप असतात, त्यामुळे रक्त दिसलं तरी 'पाण्याचं झालं असेल' म्हणून सोडून दिलं जातं. टायफॉइडमध्येही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतड्यातून रक्त पडू शकतं. म्हणजे पावसाळ्यातलं रक्तही तपासण्यासारखंच असतं.

दुर्बिणीची तपासणी सांगितली तर तळेगाव, पिंपरी किंवा पुण्याला जावं लागतं. पिंपरीला वायसीएम आहे, आणि ससून तर पुणे स्टेशनच्या जवळच आहे. लोणावळा लोकलनं सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. एक दिवसाची हजेरी बुडेल, हे मला कळतं. पण सहा महिने चुकीच्या मलमात आणि सलाईनमध्ये जाणारा पैसाही मोजून पाहा.

ज्यासाठी लोकलची वाट पाहायची नाही ते असं: रक्ताच्या गाठी किंवा भरपूर रक्त, काळी डांबरासारखी शी आणि घेरी, थंड घाम, छातीत धडधड, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. १०८ ला फोन करा, रुग्णाला आडवं ठेवा, तोंडानं काही देऊ नका. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी लोणावळ्यात गाड्यांची किती रांग लागते, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. 'जरा वाट बघू' म्हणून घालवलेला तास त्या दिवशी परत मिळत नाही.

आणि तातडीचं नसेल तर डॉक्टरांसमोर बसल्यावर एवढं बोला: रक्त कधीपासून, कोणत्या रंगाचं, शौचात मिसळलेलं की वरून; ताप आहे का; वजन किती उतरलं; कोणत्या गोळ्या चालू आहेत; घरात कुणाला टीबी होता का. लाज वाटत असेल तर कागदावर लिहून न्या. हा कागद दाखवायला फार तर दोन मिनिटं लागतात, आणि योग्य तपासणीची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.